नानांचा टब आणि नानांचा पाय

“दोन बोटं तर जाणारच. पाय राहतो का, ते परवा सांगतो.”

डॉक्टर हे अशा आवाजात म्हणाले जसं स्टँडवरचा कंट्रोलर सांगतो की पुढच्या गाडीचं काही खरं नाही. नगरच्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर, ड्रेसिंगच्या खोलीत. टेबलावर माझे नाना आडवे. नाना म्हणजे माझे वडील. डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बिब्ब्यासारखं काळं पडलेलं.

डॉक्टरांनी कागदावर ‘इन्फेक्टेड डायबेटिक फूट’ लिहिलं, खाली ‘गँगरीन’. मग मला समजावलं. शुगरवाल्या माणसाचा पाय भाजला, भाजलेल्या जागेत जंतू शिरले, बोटांना रक्त पोचेना, बोटं मेली. गँगरीन म्हणजे मेलेलं मांस. ते परत जिवंत होत नाही, आणि काढलं नाही तर वर सरकतं.

“एवढं होईपर्यंत यांना दुखलं कसं नाही?” डॉक्टर म्हणाले.

नाना पडल्या पडल्या म्हणाले, “आजिबात न्हाई दुखलं, सायेब!” जसं काय आता बक्षीसच मिळणार आहे.

दुखलं नाही हाच तर आजार होता. मला हे तिथं उभ्या उभ्या कळालं आणि इतका राग आला की मी हे लिहितेय ते पण त्याच रागात. कुणाकुणाचा राग ते सांगते. घरात शुगरचं माणूस असेल तर वाचाच. नसेल तरी वाचा, कारण आमच्याकडं चक्कर येऊन पडल्याशिवाय कुणी शुगर तपासत नाही.

आम्ही काष्टीचे. नाना जनावरांच्या बाजारात दलाल आहेत, म्हणजे एकाची म्हैस दुसऱ्याला घेऊन देतात आणि दोघांनाही वाटतं की आपलाच फायदा झाला. मी कोमल. बी.कॉम. झालेय, पण गावात मला ओळखतात ते नकलांमुळं. सरपंच, आत्या, बँकेतला कॅशियर, कुणाचाही आवाज सांगा, काढून दाखवते.

घर बांधलं तेव्हा मी भांडून बाथरूमला शॉवर लावून घेतला होता. गच्चीवर सोलर. दोन वर्षं मी एकटीनंच त्या शॉवरची हौस केली. नाना त्याच शॉवरखाली बादली ठेवून तांब्यानं अंघोळ करायचे.

मग त्यांचे गुडघे दुखायला लागले. बाजारात पुण्याकडचा एक गोठेवाला येतो. तो म्हणाला, आमच्या बंगल्यात बाथटब आहे, रोज अर्धा तास गरम पाण्यात बसतो, गुडघे मोकळे. नाना घरी आले ते टब डोक्यात घेऊनच.

“शावर काढायचा. टब बसवायचा.”

“नाना, माझा शॉवर आहे तो!”

“शावरनी गुडघं भिजत्यात, कोमे. शेकत न्हाईत.”

आई आतून म्हणाली, “आता ह्या वयात म्हशीवानी डुंबायचंय व्हय?”

“म्हशीचं गुडघं दुखल्यालं बगितलंय का कधी तू?”

 

आमचे प्लंबर हनीफचाचा आले. माझ्या शॉवरचा पाईप कापला, भोक सिमेंटनं बुजवलं. टेम्पोतून टब आला, पांढराशुभ्र, फायबरचा. अर्धी गल्ली बघायला. एका काकूंनी तर त्याला हात लावून नमस्कार केला. गरम आणि गार एकत्र करून सोडणारा मिक्सर नळ दुकानातून यायचा राहिला होता, म्हणून चाचांनी तात्पुरते दोन साधे नळ बसवले. जाताना तीनदा बोलले, “नाना, मिक्सर आल्याबिगर टब भरू नका. आठ दिवस दम धरा.”

नानांनी दुसऱ्या दिवशीच टब भरला.

आता इथं नीट वाचा, कारण सगळा घोटाळा इथं आहे. आपल्याकडं अंघोळीचं पाणी काढतात ते आधी कढत, मग वरून विसण, म्हणजे गार पाणी. उलटं कुणी करत नाही. बादलीला ते चालतं. विसण घातलं की आपण हातानं ढवळतो, म्हणजे पाण्याला पहिला लागतो हात. हाताला चटका बसला की अजून विसण. नानांचे पाय कधीपासून बधिर होते देव जाणे, पण जोवर बादली-तांब्या होता तोवर हात त्या पायांची राखण करत होता. शॉवरखाली पण माणूस आधी हात धरतो.

टबात पहिला जातो पाय.

नानांनी सवयीनं आधी कढत सोडलं. एप्रिलची दुपार. सोलरचं पाणी असं की पत्ती टाकली तर चहा व्हावा. टब अर्धा झाला, मग विसणाचा नळ सोडला. टाकी संपत आली होती, धार करंगळीएवढी. तोवर थांबायचं कशाला म्हणून नाना काठावर बसले, दोन्ही पाय आत सोडले आणि मोबाईलवर कुणाच्या तरी गाभण म्हशीचा सौदा बोलत बसले. डावा पाय गरम नळाच्या बाजूला.

थोड्या वेळानं आईला हाक मारली, “आगं, पाठ चोळ जरा.” आई गेली, तांब्या भरायला टबात हात घातला आणि अशी किंचाळली की मी ताटावरून उठून पळाले. आईचा हात मनगटापर्यंत लाल. नानांचे पाय त्याच पाण्यात.

“पाय काढा भाईर! भाजतंय!”

“काय भाजतंय? कोमटच हाय की.”

हे वाक्य मी अजून विसरले नाही. नानांच्या कुठल्याही वाक्याची मी नक्कल करते. ह्याची नाही केली कधी.

पाय बाहेर काढले तर घोट्यापर्यंत लाल. डाव्यावर बघता बघता फोड आले. आईनं टूथपेस्ट थापली. तुम्ही थापू नका. टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. भाजलं की नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं आणि सरळ दवाखाना. हॉस्पिटलात ते टूथपेस्टचे पापुद्रे खरवडताना मी बघितलेत.

गावातल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि रोज ड्रेसिंगला या म्हणाले. नाना एकदाच गेले. “दुखत न्हाई म्हंजी वरवरचं हाय.” तिसऱ्या दिवशी बाजार. मोजा चढवला, वर बूट, आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत शेणामुतात उभे. आत फोड फुटला. घरी आल्यावर मोजा काढू देईनात. आईला म्हणाले, “हात लावू नको, बरं व्हाया लागलंय.” सहाव्या दिवशी थंडी वाजून ताप. सातव्या दिवशी घरात वास यायला लागला. उंदीर मेला असंल म्हणून आईनं धान्याच्या कोठ्या हलवल्या, मी कॉटखाली झाडू घातला. झाडू घालायला वाकले तेव्हा माझं तोंड नानांच्या पायाशी आलं.

श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी मोजा कापला, बघितलं, आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, “नगरला न्या. आत्ता.”

हॉस्पिटलात पहिल्या दिवशी रक्ताच्या चाचण्या. त्यातली एक एचबीएवनसी. तीन महिन्यांतली शुगर सरासरी किती होती ते ती सांगते. नाना तपासणीच्या आदल्या दिवशी उपास धरायचे आणि रिपोर्ट चांगला आला की येताना जिलेबी आणायचे. ह्या चाचणीपुढं उपास चालत नाही. आकडा बघून डॉक्टरांनी चष्मा काढला.

मग डॉपलर. पायाच्या रक्तवाहिन्यांमधून रक्त कसं वाहतंय ते मशीनमधून ऐकू येतं. घोट्यापाशी धस्स धस्स. पावलावर बारीक फुस्स. करंगळीपाशी काही नाही. मला कुठलाही आवाज काढता येतो, पण तो ‘काही नाही’ नाही काढता येत.

त्याच दुपारी डिब्राइडमेंट केलं. म्हणजे मेलेलं आणि सडलेलं कापून जखम साफ करायची. मी आणि आई बाहेरच्या बाकावर. आई एकच घोकत होती, “म्या मिक्सर येऊस्तर टबात कागदं भरून ठिवाय पायजे हुती.” दाराच्या वर लाल दिवा. तो विझायची वाट बघताना मी भिंतीवरची सगळी सूचनापत्रं पाठ केली. डोळ्यांची काळजी होती, दातांची होती. पायांची पण होती, तिच्यापुढं पाण्याचा जार ठेवलेला.

दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणारे. ह्यांचा राग वेगळा. शुगरच्या पेशंटला चौघांनी चिकू आणले. एकानं पेढे. आणि प्रत्येकाचा तोच डायलॉग. आत्या नाकात, “टऽऽब कशाला पायजे हुता गं बाई!” शेजारचे मास्तर घसा खाकरून, “ही पाश्चात्त्य फॅडं आपल्याकडं...” भावकीतले एक काका तर नानांच्या समोर मला म्हणाले, “तुजा शावर आसता तर असं झालं नस्तं, पोरी.” मी म्हणलं, “काका, तुम्हाला शुगर आहे ना? तुमचे पाय कधी तपासले?” काका पेढ्याचा डबा ठेवून निघाले.

टबाला शिव्या देणं सोपं असतं. टबानं फक्त उघडं पाडलं. उद्या चुलीतला निखारा पडला असता, नाहीतर बुटात खिळा निघाला असता, तरी नाना म्हणाले असते कोमटच हाय की.

तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, पेरिफेरल न्यूरोपॅथी. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की हातापायांच्या टोकाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या येतात, मग जळजळ, मग नसा गप्प. पाय असतो, पण पायाची खबर मेंदूला जात नाही.

मी ह्याचीच वाट बघत होते. मी पिशवीतून फाईल काढली. गेल्या वर्षी गावात शुगरवाल्यांचे पाय तपासायचं शिबिर झालं होतं. कागदावर लिहिलेलं, पायांची संवेदना नॉर्मल, उजवा डावा दोन्ही, खाली सही.

“हे बघा मॅडम. नॉर्मल! तुमच्याच लोकांनी लिहिलंय. झोपेत लिहितात का?” आणि मी त्या शिबिरातल्या डॉक्टरची नक्कल पण केली, मी त्याला बघितलं नव्हतं तरी. “नेक्स्ट! नॉर्मल! नेक्स्ट! नॉर्मल!” वॉर्डातले लोक उठून बसले.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी खिशातून एक काडी काढली, टोकाला नायलॉनचा जाड दोरा. ह्याला मोनोफिलामेंट म्हणतात. दोरा पायाला टेकवून वाकेपर्यंत दाबतात आणि कळालं की पेशंटनं हो म्हणायचं. उजवा पाय धरला.

“बाबा, डोळे मिटा. आता कळतंय?”

“व्हय.”

“आता?”

“व्हय.”

दहा ठिकाणी टेकवलं, दहाही बरोबर. मधे एकदा मॅडमनी नुसतं विचारलं, टेकवलं नाही, तर नाना म्हणाले, “न्हाई.” मला काही समजेना. पाय चांगला असेल तर हे झालं कसं?

मॅडमनी वाकून नानांच्या पापण्यांकडं बघितलं. मग मला म्हणाल्या, “तुमची ओढणी द्या. बांधा त्यांच्या डोळ्यांवर. घट्ट.”

मी बांधली. मॅडमनी काडी खिशात ठेवली आणि हाताची घडी घातली.

“आता कळतंय बाबा?”

“व्हय.”

“आणि इथं?”

“हां, हितं बी कळतंय की.”

“इथं जरा कमी कळतंय का?”

“जरासं कमी. पर कळतंय.”

मॅडम पलंगापासून दोन हात लांब उभ्या होत्या. शेजारच्या पलंगावरचे आजोबा फिसकन हसले.

बाजारात सौदा रुमालाखाली होतो. दलाल भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली समोरच्याची बोटं धरतात आणि नजर त्याच्या तोंडावर ठेवतात. पापणी हलली की नानांना कळतं हा अजून किती ताणणार. तीस वर्षांचा धंदा. त्यांनी डोळे मिटल्यासारखे केले आणि फटीतून शिबिरातल्या डॉक्टरचं तोंड वाचून दहापैकी दहा घेतले. आता मॅडमचं पण वाचलं. आणि मी त्या बिचाऱ्या डॉक्टरला झोपेतला म्हणाले होते.

ओढणी सोडली. “नाना, ही काय परीक्षा होती का? पास होऊन काय मिळणार होतं?”

नाना छताकडं बघत होते. “न्हाई म्हणलं आसतं तर पाय कापला आसता. बाबूरावचा तसाच कापला. तपासाया ग्येला आन् कुबड्या घिऊन आला.” बाबूराव म्हणजे बाजारातला त्यांचा जोडीदार.

“त्यांचा उशीर झाला म्हणून कापला! तपासला म्हणून नाही!”

“वरडू नको. लोकं बघत्यात.”

“बघू द्या! तुमचं काय, तुम्हाला दुखत पण नाही!”

मी इतकी ओरडले की सिस्टरनं मला बाहेर काढलं. मॅडम माझ्या मागं आल्या. पाणी दिलं. वहीत लिहायला प्रश्न विचारले. पायाला मुंग्या? माहीत नाही. चालताना तोल? माहीत नाही. “पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, असं कधी झालं होतं?”

इथं मला सांगावं लागेल ते सांगते. दिवाळीच्या आधी नाना बाजारातून एकाच पायात चप्पल घालून घरी आले होते. दुसरी चिखलात राहिली. दोन किलोमीटर चालत आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि आईनं विचारल्यावर खाली बघितलं. मी त्याची नक्कल बसवली. एक पाय चपलेतला, एक अनवाणी, मिशीला पीळ देत रुबाबात चालायचं. भाऊबीजेला सगळ्या पाहुण्यांसमोर केली. तीनदा करायला लावली. नाना स्वतः डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माझी सगळ्यात गाजलेली नक्कल.

“हो,” मी मॅडमना म्हणलं.

“मग कुणाच्या लक्षात नाही आलं?”

लक्षात आलं होतं. इतकं आलं होतं की पाठ होतं.

शिबिरातला डॉक्टर, गोठेवाला, आत्या, नाना, सगळ्यांवरचा राग काढून झाल्यावर खाली हा राहिला. हा काढून टाकता येत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मोठे डॉक्टर ऑपरेशन करून बाहेर आले, टोपी काढली. “बोटं दोन गेली. पाय राहिला.”  आई त्यांच्या पाया पडायला वाकली तर ते मागं सरकले आणि म्हणाले, “माझ्या नाही, त्यांच्या पायाकडं बघा. रोज.” मी त्यांची नक्कल अजून करते, पण ती चांगल्यासाठी. ज्या मॅडमनी ओढणी मागितली त्यांची तर करतच नाही. त्यांच्यामुळं मला माझा बाप कळाला, त्यांना हात जोडते.

अठरा दिवसांनी घरी आलो. तुमच्यासाठी जे शिकले ते असं. शुगरवाल्याचे पाय रोज बघा, तळवे पण, बोटांच्या बेचक्यात पण. त्याला वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा. दुखतंय का विचारू नका, तो नाहीच म्हणणार. पायाची तपासणी करताना डोळ्यांवर कापड बांधायला सांगा, माणूस कितीही सरळ असला तरी. पाण्याचा अंदाज पायानं कधीच घ्यायचा नाही, आणि हात पण घरातल्या दुसऱ्या कुणाचा असेल तर बरा, कारण बधिरपणा हातापर्यंत चढतो. आणि तुमच्या घरातलं कुणी चप्पल हरवून घरी आलं तर हसू नका. हसायला बाकी पुष्कळ आहे.

हनीफचाचांनी टब काढला. काढताना एकदा पण “मी सांगितलं होतं” म्हणाले नाहीत, म्हणून मी त्यांना दोनदा चहा केला. भिंत परत फोडून शॉवर लावला, खाली धरायला दांडा, बसायला स्टूल. आता नाना त्याच्याखाली बसतात आणि पाण्यात आधी आईचा हात. त्यांना एमसीआर चप्पल आहे, मऊ रबराची, मागं पट्टा असलेली, पायातून निसटत नाही. तरी रोज भांडण. पाय दाखवायचा म्हणलं की ह्यांना फोन येतो, ह्यांना गिऱ्हाईक येतं, ह्यांना झोप येते. मी पाय ओढून बघते, ते शिव्या देतात, मी पण त्यांच्याच आवाजात परत देते.

गेल्या आठवड्यात ते गोठ्यापर्यंत अनवाणी गेलेले मला दिसले. मी गल्लीला ऐकू जाईल असं बोलले आणि मग बोलणंच बंद केलं. दोन दिवस पाय पण बघितला नाही. आईनं बघितला असेल म्हणून मी निवांत, मी बघितला असेल म्हणून आई निवांत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चहा घेत होते. नाना आले. समोर बसले. हातात आरसा. पाय उचलून स्टुलावर ठेवला.

“कोमे.”

मी चहात बघत राहिले.

“आगं कोमे, आंगठ्याखाली कायतरी काळं दिसतंय. काय हाय त्ये मला न्हाई कळत. तू बघ.”

म्हैस कितव्या वेताची, दूध किती देणार, गिऱ्हाईक कुठं येऊन थांबणार, नानांना सगळं कळतं. ‘मला न्हाई कळत’ हे मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. मी खाली बसले, पाय मांडीवर घेतला. बाभळीचा काटा होता, आत मोडलेला. भोवती जराशी लाली. घरी उकरायचा नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

मी स्कूटीची चावी आणली.

“चहा तरी पी,” नाना म्हणाले.

“राहू द्या. बसा मागं.”